आधी पाया, मग ओटा

स्टेजवर बोलायची माझी पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

प्लेनोतलं आमचं घर १९८४ सालचं. बायकोला ग्रॅनाइटचा ओटा हवा होता. मी कम्प्युटर इंजिनियर, त्यामुळे लगेच एक्सेल शीट! सहा आठवड्यांत किचन तयार. जुनी कॅबिनेटं निघाली आणि मागे भिंतीत ही लांब तिरकी भेग. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, टाइल्सखाली झाकून टाकू.

बाबा तेव्हा अकोल्याहून आले होते. अंगणातलं ढेकूळ हातात घेऊन म्हणाले, "अरे, ही तर आपली कपाशीची काळी जमीन! उन्हात भेगाळणार, पावसात फुगणार. आधी पाया बघ."

खरंच की! इथली ब्लॅकलँड प्रेअरीची माती आणि वऱ्हाडातली काळी माती एकाच गटातली, व्हर्टिसॉल. इथेही पूर्वी कापूसच पिकायचा.

दुरुस्ती विकणारा नव्हे, स्वतंत्र इंजिनियर बोलावला. स्लॅब एका बाजूने खचला होता. ओट्याचे सगळे पैसे पायाखालच्या पियर्समध्ये, म्हणजे अक्षरशः मातीत गेले! तीन महिने गॅरेजमध्ये हॉटप्लेटवर पोळ्या. बायको दोन दिवस बोलली नाही.

शेवटी जुनीच कॅबिनेटं परत बसवली. ओटा अजून व्हायचाय. पण दारं आता नीट लागतात. उन्हाळ्यात पायाभोवती सोकर होज लावतो, म्हणजे माती एकदम आकसत नाही.

बाबा फोनवर आधी नातवाची चौकशी करतात, मग विचारतात, "घराला पाणी घातलंस का रे?"