उधारीसकट सगळं लिहून नेलं

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी मांडलेलं मनोगत)

माइकवर बोलायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांमागं माझ्यावर तीन फायनान्सचं कर्ज होतं. पहिलं पोरीच्या लग्नाचं, दुसरं पहिल्याचे हप्ते भरायला, तिसरं दुसऱ्याचे. मंगळवारी हप्तेवाले दारात आले की मी शेजारणीच्या घरात जाऊन बसायचे. गटाचे हप्तेही थकले, मग बैठकीला जाणंच सोडलं.

गळ्यातलं मोडलं, कापूस वेचायला गेले, तेव्हा दोन कर्जं मिटली. तिसऱ्याचं थोडं राहिलं होतं. पिको-फॉलचं मशीन घ्यायचं मनात होतं, पण ग्रामसंघाकडं कोणत्या तोंडानं मागायचं?

अध्यक्षताई म्हणाल्या, "अर्ज नंतर. आधी कुणाचं किती देणं आहे ते लिहून आण." किराणा दुकानाच्या उधारीसकट लिहिलं. बैठकीत वाचताना हात थरथरत होते. खरं सांगते, मालकांनाही तो आकडा त्याच दिवशी कळला.

मागितले ४०,०००, मंजूर झाले २०,०००. राग आला मला! पण बायांनी हिशेब मांडला. महिन्याला २,००० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर शेकडा १ रुपया व्याज. पहिल्या महिन्याला २००, दुसऱ्याला १८०, असं दहा महिन्यांत १,१००. शेवटपर्यंत पूर्ण २०,००० वर व्याज धरलं असतं तर २,००० गेले असते. हा फरक मला पन्नाशीला कळला. आणि ४०,००० चा ४,००० हप्ता मी भरणार कुठून?

रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे म्हणे, की छोटं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापुढं जाऊ नयेत. मला तर निम्मंही जास्त वाटतं. पाऊस लांबला की मजुरी बंद, हप्ता थोडाच थांबतो?

अट एकच घातली. यातला एक रुपया जुन्या हप्त्यात जाणार नाही, मशीनची पावती बैठकीत दाखवायची. तिसरं कर्ज मी मजुरीतून फेडलं आणि फिटल्याचा दाखला मागून घेतला. तायांनो, तो दाखला घ्याच. सिबिलचा अहवालही वर्षातून एकदा फुकट मिळतो, पोराला मोबाइलवर बघायला सांगा.

पाचव्या महिन्यात सासूबाई दवाखान्यात होत्या. यावेळी लपले नाही. बैठकीच्या आदल्या दिवशीच जाऊन सांगितलं. त्या महिन्यात नुसतं व्याज घेतलं.

आता दोन हप्ते राहिलेत. मशीन ओसरीत आहे, साड्या घेऊन या.