मुखपृष्ठावरची बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. मंडळाच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते, एवढाच काय तो माझा अधिकार. तेव्हा बोलणार आहे तेही त्या कपाटाविषयीच.

गेल्या श्रावणात कपाटाच्या खालच्या फळीला वाळवी लागली म्हणून आम्ही तिघीजणींनी सारी पुस्तके अंगणात उन्हाला मांडली. तेव्हा मागच्या रांगेतून जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या निघाल्या. हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' होती, नाथमाधवांची 'स्वराज्याचा श्रीगणेशा' होती, आणि त्यांच्यामागून आलेल्या, आज कोणी नावही घेत नाही अशाही कितीतरी होत्या. आमच्यातली एक नवी सून एक पुस्तक हातात घेऊन हसायला लागली. म्हणाली, "काकू, ही बाई शिवकालातली ना? मग हिच्या पोलक्याला पाठीवर बटणे कशी?"

बघते तो खरेच! पाठीवर बटणे, फुग्याच्या बाह्या आणि गोल नेसलेले पातळ. शेजारी उभा असलेला मावळा डोक्याला पेशवाई पगडी घालून आणि अंगात बटणांचा कोट चढवून तलवार उपसतो आहे. आम्ही खूप हसलो. हसता हसता कोणीतरी म्हणाले, "मग ठेवायची कशाला ही? रद्दीत घाला." तो शब्द मात्र माझ्या मनाला लागला. का लागला, तेच आज सांगते.

आधी चूक कुठे आहे ते पाहू. सतराव्या शतकात दख्खनच्या दरबारी पुरुषाच्या अंगात जामा असे. तो काखेखाली बंदांनी बांधीत. कमरेला पटका आणि पायांत तंग विजार. महाराजांच्या काळातली जी दख्खनी चित्रे परदेशी गेली आणि ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत, त्यांत हा पोशाख दिसतो. पेशवाईचा थाट पाहायचा, तर जेम्स वेल्सने 1792 साली काढलेले सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र आहे. महाराज आणि सवाई माधवराव यांच्यामध्ये शंभर वर्षांहून अधिक अंतर आहे. आजोबांचा फेटा नातवाच्या डोक्यावर शोभत नाही, मग शंभर वर्षांनंतरची पगडी आधीच्या मावळ्याच्या डोक्यावर कशी शोभावी?

आता बायकांकडे वळू. आपल्याकडे लुगडे कासोट्याचे. पुढे गाठ मारायची खणाची चोळी. बाह्यांचे, बटणांचे पोलके आणि परकरावर नेसलेले पाचवारी पातळ ही फार अलीकडची गोष्ट आहे. ती विसाव्या शतकात घरोघर रुळली. मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रे आहेत. वाईला जाल तेव्हा ती जरूर पाहा.

मग चित्रकारांनी असे का केले? त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्यासमोर काय होते ते ध्यानात घ्या. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, आणि देवादिकांची नि राण्यांची रंगीत चित्रे घरोघर भिंतींवर लागली. पुढे बालगंधर्व रंगभूमीवर ज्या तऱ्हेने शालू नेसत, त्या तऱ्हेने खऱ्या बायका नेसू लागल्या. 1923 साली बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' पडद्यावर आला. मुखपृष्ठ काढणाऱ्याने इतिहास घेतला तो असा नाटकातून, कॅलेंडरातून आणि पडद्यावरून. शिवाय पुस्तक दुकानात उठून दिसायला हवे, प्रकाशकाला घाई, हाती दोन-तीन रंग. त्या चित्रकाराला मेणवलीला कोण नेणार होते?

आणि विद्वानांची तरी चूक होत नाही का? कित्येक वर्षे इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून लोक पाहत होते. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र शोधून पुढे आणले, तेव्हा कुठे ते मागे पडले. दुसऱ्याच माणसाला जिथे महाराज म्हणून वंदन घडले, तिथे पोलक्याच्या बटणांचे काय घेऊन बसलात!

पण भगिनींनो, मी बटणांचे घेऊन बसले आहे, आणि त्याला कारण आहे. 1966 साली मी बारा वर्षांची होते. शाळेच्या संमेलनात मला जिजाबाईंचे काम मिळाले. बाईंनी एका कादंबरीचे मुखपृष्ठ समोर ठेवून माझे पोलके शिवून घेतले. फुग्याच्या बाह्यांचे, पाठीवर बटणांचे. मी ते घालून आजीला दाखवले. आजी म्हणाली, "अगं, ही कुठली जिजाऊ? हिला घोड्यावर तरी बसता येईल का?" मग तिने आपल्या पेटीतले नऊवारी काढले, स्वतःची खणाची चोळी काढली, आणि कासोटा कसा घालायचा, चोळीची गाठ कशी मारायची ते मला दाखवले. माझी ओंजळभर छाती, तिची चोळी मला ढगळ झाली. तरी तिने दोन टाके घालून ती बेतून दिली.

मी ती घातली नाही. मैत्रिणी हसतील म्हणून पोलकेच घालून रंगमंचावर उभी राहिले. आजी पुढच्या रांगेत बसली होती, तेच नऊवारी नेसून. माझे भाषण झाल्यावर तिने सर्वांच्या बरोबर टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर एक अक्षर बोलली नाही. चार वर्षांनी ती गेली. तिच्या चोळ्यांची आम्ही गोधडी शिवली. ती गाठ कशी मारायची ते आज मला आठवत नाही.

खरी जिजाऊ कशी दिसत असेल याचा अंश माझ्या घरात, माझ्यासमोर बसला होता आणि मी छापील चित्राला खरे मानले. चित्रकाराने चूक केली ती न पाहिल्यामुळे. मी पाहूनही केली.

म्हणून ही पुस्तके रद्दीत घालू नका. आतला मजकूर वाचण्यासारखा आहे. गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहायला घेतली तेव्हापासून आपल्या माणसांनी आपला इतिहास गोष्टीतून सांगण्याची हौस धरली, तिचा हा वारसा आहे. मुखपृष्ठेही फाडू नका. ती शिवकालाची साक्ष देत नसली, तरी ज्या वर्षी छापली त्या वर्षीच्या आवडीनिवडीची साक्ष अचूक देतात. फक्त प्रत्येकीच्या आत एक चिठ्ठी चिकटवू या, की यात काय चुकले आहे आणि खरे कसे होते.

दुसरी विनंती. ज्यांच्या घरी अजून कोणी आत्याबाई, आजेसासूबाई आहेत, त्यांनी एक दुपार त्यांच्यापाशी बसावे. पेटी उघडायला लावावी. गाठ कशी मारतात ते शिकून घ्यावे आणि पुढल्या वर्धापनदिनी इथे येऊन मला दाखवावे. मी पहिल्या रांगेत बसेन.