टिटवीला माप धरून

पावसाळा सरला की आपल्या आसेगाव भागात तलावांचं पाणी मागे सरकतं, काठाला ओला गाळ उघडा पडतो. त्यातले किडे-अळ्या वेचायला पक्षी येतात. ते ओळखायला दुर्बीण नसली तरी चालतं. टिटवी आपल्याला ठाऊक आहे, तिलाच माप धरू या.

टिटवीपेक्षा सडपातळ, लांबलचक गुलाबी पायांचा, सुईसारख्या काळ्या चोचीचा तो शेकाट्या. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरावरही तो दिसतो; त्या सरोवराला २०२० साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. टिटवीपेक्षा पुष्कळ लहान, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळी कडा, तुरुतुरु धावून एकदम थांबतो, तो कंठेरी चिखल्या. शेपटीकडचा भाग सारखा खालीवर हलवते, ती तुतवार, आपली हिवाळी पाहुणी. म्हणजे आधी आकार, मग पाय, चोच आणि चाल पाहायची. रंग शेवटी.

टिटवी ओरडली की अपशकुन, असं आपण ऐकत आलो. खरं तर ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच बहुधा चार अंडी घालते आणि कुणी जवळ आलं की ओरडून त्यांची राखण करते. अंडी खड्यांसारखीच दिसतात. उन्हाळ्यात बकऱ्या चारताना किंवा गाळ काढताना तो आवाज आला, तर आधी पायाखाली पाहू या आणि तेवढी जागा महिनाभर सोडू या. पिल्लं बाहेर आली की लगेच चालू लागतात. मग काठ पुन्हा आपलाच!