होडी खांद्यावर

होडी माणसाला वाहून नेते, यात नवल कसलं? आमचं गाव खाडीकाठचं. तरीत बसून पलीकडच्या शाळेत गेलो, आंब्याचं खोड कोरून केलेल्या होडीतून मासे धरले. ती होडी पाण्याबाहेर ओढायची तर चार माणसं लागायची. एक माणूस होडी डोक्यावर घेऊन रानातून चाललाय, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं ते कॅनडात. थोरला मुलगा टोरांटोत नोकरी करतो. तो आम्हाला अल्गोंक्विन पार्कात घेऊन गेला.

पार्क म्हटलं की आपल्याला घसरगुंडी आणि भेळवाला आठवतो. हे पार्क ७,६०० चौरस किलोमीटरांहून मोठं आहे. आपली मुंबई त्यात बारा वेळा मावेल. आत दोन हजारांवर तळी आणि त्यांना सांधणाऱ्या नद्या-ओढे. हमरस्ता एकच, तोही दक्षिणेच्या कोपऱ्यातून ५६ किलोमीटर जातो. त्याच्यापासून दूर आत शिरायचं तर बहुधा होडीनंच.

तिथं दोन तऱ्हेच्या होड्या दिसतात. कयाक वरून झाकलेली असते. माणूस कमरेपर्यंत आत बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावी-उजवीकडे मारतो. ती मूळची उत्तरेच्या बर्फाळ समुद्रावरच्या इन्युइट लोकांची. कनू उघडी असते आणि तिचं वल्हं एका पात्याचं. एकाच बाजूनं वल्हवलं की होडी दुसऱ्या बाजूला वळते, म्हणून मागं बसलेला माणूस प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी पातं किंचित बाहेर वळवतो. "अब्बा, तुम्ही पुढं बसून फक्त जोर लावा, दिशेचं मी बघतो," मुलगा म्हणाला. घरातही हल्ली असंच चाललं आहे.

तळं संपतं तिथं काठावर पिवळी पाटी असते. तिच्यावर पुढच्या तळ्याचं नाव आणि वाट किती मीटरची ते लिहिलेलं. होडीतून उतरायचं, सामान पाठीवर टाकायचं, होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि चालू लागायचं. याला पोर्टेज म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ वाहून नेणं. होडीच्या मधोमध एक आडवं लाकूड असतं, मानेच्या आकाराचं कोरलेलं. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ 'जू'. बैलाच्या मानेवरचं जू माणसाच्या खांद्यावर येतं. हल्लीच्या कृत्रिम धाग्यांच्या होड्या वीस किलोंच्या आत बसतात, तरी दीड किलोमीटर चढणीच्या वाटेवर मुलाचा घाम निघाला. डबे आणि बाटल्या आतल्या भागात न्यायला बंदी आहे. जे न्याल ते स्वतः वाहा, आणि उरेल ते परत आणा.

एवढी हलकी होडी मुळात केली कुणी? इथल्या आदिवासींनी. बर्च झाडाची साल अखंड सोलून काढायची, स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवायची, आतून सीडरच्या फासळ्या द्यायच्या आणि शिवणीवर राळ लावायची. खिळा एकही नाही. होडी वाटेत फाटली तर रानातच डागडुजीचं सामान हजर. ही त्यांची हौस नव्हती. शिकार, सोयरीक, व्यापार, सगळं या होडीवर चालायचं.

आता खटकलेली गोष्ट सांगतो. अल्गोंक्विन हे एका आदिवासी राष्ट्राचं नाव. १८९३ साली पार्क झालं तेव्हा त्यांचं नाव घेतलं आणि कायद्यानं शिकार, सापळे बंद केले. म्हणजे ज्यांच्या नावाची पाटी, तेच आपल्या रानात चोर ठरले. जंगलतोडीचा धंदा मात्र पार्कात चालू राहिला. या लोकांनी ही जमीन कोणत्याही तहानं सोडून दिलेली नव्हती. त्यांच्या शिकारीच्या हक्काबद्दल सरकारशी पहिला करार व्हायला १९९१ उजाडलं. पार्काचा बहुतेक भाग ज्यात येतो त्या ३६,००० चौरस किलोमीटरांच्या दाव्यावर तत्त्वतः करार २०१६ साली झाला, आणि तोही अंतिम नव्हे.

या पार्कातल्या कनू लेकमध्ये १९१७ साली टॉम थॉमसन हा चित्रकार मरण पावला. वल्हवण्यात तरबेज माणूस होडीतून कसा बुडाला, यावर तिथं पुस्तकांवर पुस्तकं निघाली आहेत. थॉमसन मोठा चित्रकार, वाद नाही. पण ती होडी घडवण्याची विद्या ज्या हातांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली, त्यांतलं एक तरी नाव सांगा म्हटलं तर मुलाबरोबरची मंडळी गप्प झाली. असं एक नाव आहे, विल्यम कमांडा. हा अल्गोंक्विन गृहस्थ आपल्या समाजाचा मुखियाही होता आणि सालीच्या होड्याही बांधायचा. १९१३ साली जन्मला, २०११ साली गेला.

दुसऱ्या दिवशी फजरला उठलो. तळ्यावर धुकं होतं. वजूसाठी पाण्यात हात घातला तर गारठ्यानं बोटं बधिर झाली. धुक्यातून लून पक्ष्याची लांबलचक साद आली. हा पक्षी तिथल्या एका डॉलरच्या नाण्यावर आहे. बायको तंबूतून विचारती झाली, "कोण रडतंय हो?"

नाश्ता उरकून मुलानं होडी पालथी केली, खांद्यावर घेतली आणि पुढच्या वाटेला लागला. मागून मला फक्त होडी आणि तिच्याखाली दोन पाय दिसत होते.