उसाच्या फडातील पोरे आणि आपण

(शिवाजी पेठेतील सभेत खेड्यातील एका शिक्षकाने केलेले भाषण)



परगावच्या पोराला आसरा देणे करवीरला नवे नव्हे. खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा शिकायला शहरात आला तर त्याने निजावे कुठे, खावे काय, ही अडचण ओळखून शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढले. जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज, यांचीही बोर्डिंगे निघाली. शाळा अगोदरच होत्या; पण भाकरीची व पथारीची सोय झाली, तेव्हा कुठे आपली पोरे तेथे टिकली.

पुढे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हाकलून दिलेले पोलंडचे लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतील सुमारे पाच हजार, बहुतेक बाया व मुले, १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत राहिले. कित्येक पोरे पोरकी. तेथे त्यांच्याच भाषेतून शाळा चालल्या. ते गेले आणि फाळणीने उखडलेले सिंधी त्या जागी आले. आजची गांधीनगरची कापडपेठ ती त्यांचीच.

पण एक ध्यानात घ्या. पोलिश पोरांचा खर्च लंडनात आश्रय घेतलेले त्यांचे सरकार देत होते. मागणारा होता, म्हणून शाळा मिळाली. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आपल्या फडात येणाऱ्या पोरासाठी मागणारा कोण? आईबाप मुकादमाच्या उचलीत अडकलेले. पहाटे नवराबायको मिळून एक कोयता फडात जातो, आणि दहा वर्षांची पोर कोपीत तान्ह्या भावाला सांभाळीत बसते. तो ऊस आपला आहे, मंडळी. त्याचे बिल आपल्या खात्यावर येते.

दाखला नाही म्हणून कोणी पोराला परत पाठविले तर ऐकून घेऊ नका. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा प्रवेश त्यापायी अडवता येत नाही. मात्र हजेरीपटावर नाव चढले म्हणजे पोर शाळेत आली असे नव्हे. मी मास्तर आहे, हे मला चांगले ठाऊक आहे. तान्ह्याला कोण पाहील, हा खरा प्रश्न. आपल्या घरोघरी म्हाताऱ्या आहेत. दोघी दोघींनी पाळी लावून कोपीपाशी बसावे. कारखान्याकडे पाळणाघर मागावे, ते सभासदांनीच मागावे. आणि गाड्या परत निघतील तेव्हा शिक्षण हमी कार्ड हातात दिल्यावाचून हेडमास्तरांनी पोराला सोडू नये. म्हणजे ते किती शिकले हे गावच्या शाळेला कळेल.

यंदा फडाकडेला कोप्या पडतील त्याच दिवशी मोजणी करा. किती पोरे, कोणत्या इयत्तेतली, कोणाच्या मांडीवर तान्हे. ती यादी दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी मास्तराच्या हाती पडली पाहिजे.