पाव मैलाचा डोंगर

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या छोट्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द मुद्दामच तसेच ठेवले आहेत.)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "तुम्ही ट्रेकिंग करता म्हणे, दूध आटेपर्यंत पंधरा मिनिटं बोलाल का?" असं विचारलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवायच्या आत मी "हो" म्हणून बसले. आता खरं सांगते. मी एव्हरेस्टच्या बेस कँपला गेलेली नाही, किलिमांजारो फक्त चित्रात पाहिलाय. मी आज बोलणार आहे ते आपल्या शुगरलोफ माउंटनबद्दल. उंची १,२८२ फूट. आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून ४,३०० फुटांच्या आसपास, म्हणजे त्याच्यापुढे हे लिंबू-टिंबूच. त्यातून गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, आणि वेस्ट व्ह्यूच्या पार्किंगपासून वर जाणारा ट्रेल आहे फक्त पाव मैलाचा. पण हा पाव मैल चढायला आमच्या घराला दोन महिने लागले. त्याचीच ही गोष्ट.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझे बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. वय ७४. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि रोज पहाटे अजिंक्यतारा चढले. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आणि ते चढणं थांबलं. त्यांचा पहिला आठवडा कौतुकात गेला. कॉस्टको झालं, मॉल झाला, लिंकन मेमोरियल झालं. तिसऱ्या आठवड्यापासून बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागले. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे आई-वडील येऊन गेलेत त्यांना ती खुर्ची ठाऊक आहे. बाहेर बघायचं, पोस्टाची गाडी आली की "आली बरं का" म्हणायचं, आणि संध्याकाळी आम्ही परतेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. त्यात हे लेकीचं घर. चहा हवा असला तरी मागायचे नाहीत. एकदा म्हणाले, "बाळ, मी तुझ्या घरातलं सामान झालोय. आहे तिथे ठेवलेलं बरं."

आणि मी? मी खरोखरच त्यांना सामानासारखं जपत होते. 'हँडल विथ केअर' लिहिलेल्या खोक्यासारखं! कारण एकच, इन्शुरन्स. व्हिजिटर इन्शुरन्स आपण सगळेच काढतो, पण त्यातली 'प्री-एक्झिस्टिंग कंडिशन'ची ओळ आपण सगळ्यांनीच रात्री दोन वाजता पुन्हा पुन्हा वाचलेली असते. हृदयाचं काही झालं तर घर विकावं लागेल, ही भीती माझ्या डोक्यात सतत होती. म्हणून मी त्यांना जिना चढू देईना, लॉनवर एकटं जाऊ देईना.

शेवटी सप्टेंबरच्या एका शनिवारी आमच्या अकरा वर्षांच्या लेकीनेच विषय काढला. "आजोबांना माउंटन आवडतो ना? मग आपण का नाही जात?" निघालो. दोनशे सत्तरवरून हायट्सटाउनचा एक्झिट घेतला, एकशे नऊ, मग कोमस रोड, आणि समोर शेतांच्या मध्ये तो एकटाच उभा. बाबा गाडीतच पुढे सरकून बसले. "अरे! हा तर सुटा डोंगर आहे. रांग कुठाय याची?"

मंडळी, मी या डोंगरावरून दहा-बारा वेळा फोटो काढून आले असेन, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बाबांनी तो नातीला गाडीतच समजावला. सह्याद्रीचा दगड लाव्हारसाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. हा दगड वाळूचा, ५० कोटी वर्षांहून जुना. वाळूचे थर साचले, गाडले गेले, दाबाने आणि उष्णतेने घट्ट होऊन त्याचा क्वार्टझाइट झाला. भोवतालचा मऊ खडक लाखो वर्षं झिजत गेला आणि हा चिवट तेवढा उरला. अशा सुट्या डोंगराला भूगोलात 'मोनॅडनॉक' म्हणतात, न्यू हॅम्पशरमधल्या त्याच नावाच्या डोंगरावरून. तीन महिन्यांत बाबा पहिल्यांदाच सलग दहा मिनिटं बोलले.

माझा बेत असा होता की बाबांनी वेस्ट व्ह्यूच्या बाकावर बसायचं, आम्ही वर जाऊन यायचं. बाबा बाकाकडे न बघताच पायऱ्यांकडे वळले. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही बसा." ते म्हणाले, "बसलोच आहे की जूनपासून."

हिरव्या खुणांचा हा ट्रेल ओकच्या झाडीतून जातो आणि वरच्या बाजूला दगडी पायऱ्यांनी चांगलाच उभा होतो. आजोबा-नात मराठीत पायऱ्या मोजायला लागले. आपल्या मुलांची गाडी कुठे अडते ते तुम्हाला माहीतच आहे. अठ्ठावीस झालं की "ट्वेंटी नाइनला काय म्हणतात?" एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... प्रत्येक 'एकोण'ला दोघं थांबायचे, तेवढाच बाबांना दम मिळायचा. आणि मी मागून, "बाबा, पुरे. बाबा, दमलात. बाबा, पाणी." शेवटी ते वळून म्हणाले, "अगं, मला सांभाळायला आणलंयस की राहायला?"

मी गप्प बसले. आणखी वीसेक पायऱ्या चढले असतील, आणि ते थांबले. चेहरा घामाने डबडबलेला, एक हात खडकावर. दुखत नव्हतं, पण श्वास पुरत नव्हता. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांना खाली बसवलं. ह्यांनी फोन हातात धरून ठेवला, नाइन वन वन लावायच्या तयारीत. पाच मिनिटांत श्वास खाली बसला. मी रडायच्या बेतात होते, आणि खरं सांगायचं तर त्यातली अर्धी काळजी बाबांची होती आणि अर्धी बिलाची. हे बोलताना आजही लाज वाटते, पण इथे बसलेल्यांना ते कळेल म्हणून बोलते.

बाबाच म्हणाले, "आज इथपर्यंत." नात हिरमुसली. तेव्हा तिला म्हणाले, "तू बाबाबरोबर वर जा. काय दिसतं ते येऊन मला सांग. पण मराठीत हं!"

ती धावत खाली आली ती ओरडतच. "आजोबा, वर खूप मोठे पक्षी आहेत! काळे. आणि त्यांचं डोकं लाल आहे, डोक्यावर केस नाहीत!" बाबा क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. "गिधाडं?"

बाबांनी कित्येक वर्षांत गिधाड पाहिलेलं नव्हतं. १९९० च्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना द्यायचं डायक्लोफेनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध त्याला कारण झालं. मेलेलं जनावर खाल्लं की त्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. इथली टर्की व्हल्चर हे वेगळं घराणं, पण काम तेच. बाबा म्हणाले, "ते बघायला तरी वर जायला हवं."

सोमवारी साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन केला. इथल्याही एका डॉक्टरांना दाखवलं, पैसे खिशातून भरले. जे मी तीन महिने टाळलं होतं ते आधीच करायला हवं होतं. दोघांनीही तपासून सांगितलं ते जवळपास एकच: हृदय ठीक आहे, पण बसून बसून दम गेलाय. रोज चाला, हळूहळू वाढवा, बोलता येईल इतक्याच वेगाने चढा, छातीत दुखलं तर ताबडतोब थांबा. म्हणजे मी ज्या काळजीने त्यांना खुर्चीत बसवलं होतं, त्या काळजीनेच त्यांचा दम घालवला होता.

मग सुरू झाला अभ्यासक्रम. पहिल्या आठवड्यात कल-डी-सॅकच्या चार फेऱ्या. मग शाळेपर्यंत. मग घरातला तळघराचा जिना, दिवसातून पाच वेळा. रस्त्यात बाबांना चौथ्या घरातले कोरियन आजोबा भेटले. दोघांनाही इंग्रजी बेताचंच, पण रोज साडेनऊला एकमेकांची वाट बघायचे. खिडकीतली खुर्ची मी एक दिवस उचलून जागेवर ठेवली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये दुसरी फेरी झाली. मागच्या वेळेपेक्षा वर गेलो, बाबा स्वतःहून थांबले, आम्ही परतलो. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पानं बरीचशी गळलेली असताना, बाबा माथ्यावर पोचले. त्या पांढरट खडकावर टेकले. पश्चिमेला शेतं, पोटोमॅकचं खोरं, मागे ब्लू रिजची निळी रेघ. आणि डोक्यावर पंख इंग्रजी 'व्ही'सारखे धरून हलत-डुलत फिरणारी सहा गिधाडं. नातीने मोजली. सहाला काही अडचण नव्हती!

बाबांनी घरी वाचून ठेवलं होतं, ते सगळं तिथे नातीला सांगितलं. १८६२ च्या सप्टेंबरमध्ये याच डोंगरावरून युनियनच्या टेहळ्यांनी जनरल ली यांचं सैन्य पोटोमॅक ओलांडताना पाहिलं आणि निशाणांनी खबर दिली. आपल्या गडांवरच्या चौक्यांसारखंच. पुढे गॉर्डन स्ट्राँग नावाच्या गृहस्थांनी हळूहळू इथली जमीन घेतली. १९२०च्या दशकात त्यांनी फ्रँक लॉइड राइटकडून माथ्यावर गाड्या चढवणाऱ्या चक्राकार इमारतीचे आराखडे करून घेतले, पण ती बांधली नाही. १९४६ मध्ये डोंगर सांभाळायला ट्रस्ट केला. बाबा म्हणाले, "बांधलं नाही हे फार बरं केलं. नाहीतर आज आपण लिफ्टने आलो असतो."

आणि उतरताना ते चेस्टनटबद्दल बोलले. एकेकाळी ही जंगलं अमेरिकन चेस्टनटने भरलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आलेल्या बुरशीने अब्जावधी झाडं मेली. पण मुळं अनेक ठिकाणी जिवंत राहिली. त्यांना अजून धुमारे फुटतात, थोडे वाढतात, पुन्हा मरतात, पुन्हा फुटतात. बाबा एवढंच म्हणाले, "चिवट आहे."

नोव्हेंबरअखेर बाबा परत गेले. आता साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्याच्या अर्ध्यापर्यंत जातात. दर रविवारी फोनवर आधी नातीला "एकोणसत्तर म्हण" आणि मग मला "डोंगर कसा आहे?"

तर मंडळी, माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत आज अशी एक खुर्ची खिडकीशी असेल. महिन्यातून एक शनिवार आपण त्या आई-बाबांना घेऊन शुगरलोफला जाऊ या. आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या खिशात, पाणी हातात, चपला नकोत, बूट हवेत. मोजे वर ओढा, घरी गेल्यावर टिक बघा. तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला हात लावू नका. पानं रंगतात तेव्हा पार्किंग लवकर भरतं, म्हणून सकाळीच निघू. ज्यांना वर जायचं नाही त्यांच्यासाठी वेस्ट व्ह्यूला बाकं आहेत, पण ते त्यांना ठरवू द्या.

पहिली फेरी पुढच्या शनिवारी, सकाळी साडेआठ, वेस्ट व्ह्यूचं पार्किंग. चहाचा थर्मास मी आणते. पोहे कुणीतरी आणा.

दूध आटलेलं दिसतंय.