सलाम अनोळखी माणसालाही
(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



इस्लाममधील उत्तम आचरण कोणते, असे विचारले असता हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) दोन गोष्टी सांगितल्या: अन्न खाऊ घालणे, आणि ओळखीच्या व अनोळखी अशा दोघांनाही सलाम करणे. पहिली आपण पाळतो. दुसरीचे काय?

इब्न बतूताचे नाव आपण इतिहासात वाचले आहे. इ. स. १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो मोरोक्कोतील तंजा शहरातून हजसाठी एकटाच निघाला. वाटेत त्याला काफिला मिळाला. ट्युनिसला पोहोचताच लोक सामोरे येऊन आपापल्या माणसांची विचारपूस करू लागले. याला मात्र कोणी विचारीना. त्याला रडू कोसळले. ते पाहून एक यात्रेकरू जवळ आला, सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. पुढे इब्न बतूता दिल्लीत काजी झाला, आपले दौलताबादही त्याने पाहिले. तीस वर्षांनी, १३५५ साली, प्रवासवर्णन सांगताना तो यात्रेकरू त्याच्या स्मरणात होता!

मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षणासाठी मुंबई-पुण्यास जातील. वसतिगृहातील पहिली रात्र ट्युनिसच्या वेशीसारखीच असते. घरी उर्दू, दखनी वा कोकणी बोलणारी आपली मुले मराठीत चूक होईल या भीतीने गप्प बसतात. मग शेजारचा विद्यार्थी आपल्याविषयी तर्क करतो, आपण त्याच्याविषयी. गैरसमज वाढतात ते अशा मौनातून. “तुमचे गाव कोणते?” एवढा प्रश्न सुरुवातीला पुरेसा आहे. कोणी रोजाविषयी विचारले तर राग मानू नका, सांगा. आणि त्याच्या सणाविषयी, शेतीविषयी, आईवडिलांविषयी तुम्हीही विचारा.

पालकांची काळजी मी जाणतो. लहान मुलांनी अनोळखी माणसाशी वडीलधाऱ्यांच्या देखतच बोलावे. मोठ्यांनीही घरची माहिती व पैशाचे व्यवहार लगेच उघड करू नयेत. परंतु सावध राहणे वेगळे आणि तोंड फिरवणे वेगळे. प्रवासात आपण शेजारच्या प्रवाशाशी कसे बोलतो, हे मुले पाहत असतात.

सभेनंतर चहा आहे. आपल्या मोहल्ल्याच्या घोळक्यात उभे न राहता, एकट्या उभ्या असलेल्या एखाद्या पालकाजवळ जा. अल्लाह आपणा सर्वांना तशी तौफिक देवो. आमीन.